तुमची तंबाखू सांगून टाकली

अहो,

परवा विमावाल्या मॅडमचा फोन आला, तेव्हा तुमची तंबाखू मी सांगून टाकली. तुम्ही तर त्यांना सुपारीसुद्धा खात नाही म्हणाला होतात! अशाच लपवाछपवीपायी शेजारच्या अमृतभाऊंचा क्लेम नाकारला, विसरलात का? आणि रिटायर झाल्यावर दीपनगरचा कंपनीचा दवाखाना काही आपला राहणार नाही.

आज आपल्या दोघांची पॉलिसी मंजूर झाली. हप्ता थोडा वाढला, वाढू द्या. कितीतरी दिवसांनी मला दुपारी गाढ झोप लागली.

मी चोपड्याला बहिणीकडे जातेय, उद्या येते. शेवभाजी झाकून ठेवलीय. तंबाखूची डबी शोधत बसू नका, देवघरात बाळकृष्णाच्या मागे आहे. हवीच असेल तर आंघोळ करून त्याच्याकडे मागा.

— रत्ना