उमाय आईचा हात

१२ मे, रविवार

शुक्रवारी लिहिलं ते चुकीचं आहे. 'दगड पाचव्या थरातून काढला' असं लिहिलंय. काढला नाही. दगड थरात नव्हताच. कड्याच्या पायथ्याशी घसरून आलेल्या ढिगाऱ्यात पडला होता, मी नुसता उचलला. वर पाहिलं, पाचवा थर तसाच पिवळट दिसला, आणि हातानं परस्पर 'काढला' लिहून टाकलं. आनंदात होते म्हणून. ही काही सबब नाही.

बाकीचं खरं आहे. दगडात उमटलेला तळहाताएवढा प्राणी, पालीसारखा. मागचे पाय बारीक आणि लांबच लांब, त्यांच्यामध्ये ताणलेली कातडी, पतंगाच्या कागदासारखी. तो झाडावरून झाडावर तरंगत असणार! पण कंबरेच्या पुढे दगड तुटलाय. डोकं नाही, पुढचे पाय नाहीत. आणि दगड मधोमध चिरलेला आहे, म्हणजे याचा जोडीदार कुठेतरी असणार. पावाचे दोन काप केले की मधला मनुका दोन्हीकडे उमटतो, तसं. आमच्याकडे फक्त एक काप.

१३ मे

एसेनोव सरांना सगळं सांगितलं, उत्खनन त्यांचंच. मला वाटलं, ओरडतील. ते हसले.

"रंग बघ ना. पाचवाच आहे. आणखी कुठून येणार तो? आकाशातून?"

"पण सर, तो थरात नव्हता."

"सायकाल, पोरी, इतकी घाबरू नकोस. चिठ्ठीवर पाच लिही, खाली सही कर. शोधणारी तू आहेस. शोधनिबंधावर तुझंही नाव जाईल. बिश्केकला पुढं शिकायचंय ना?"

शिकायचंय. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहावीच्या पुढे गेलेलं नाही. आई सही करताना अजून जीभ बाहेर काढते.

पण पहिल्याच वर्षी सरांनीच शिकवलं होतं: काराजारचा कडा खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली तळ्यातले मासे. वर पानं, भुंगे. मग लांब पंखांचे किडे, त्यांच्यावर, चौथ्यात, उंच झाडांची खोडं. खाली जे नाही ते वर हळूहळू येतं, आणि वरचं खाली कधीच सापडत नाही. सगळा पुरावा या क्रमात आहे. एकेकटा दगड काय, कपाटात शोभेला ठेवावा. थर माहीत नसलेला दगड म्हणजे बिनमायबापाचं पोर.

सरांचं म्हणणं: आधी उंच झाडं आली, मग त्यांच्यावरून तरंगणारे. म्हणून त्यांना पाच हवाय. खोटं बोलत नाहीत ते. त्यांना खरंच तसं वाटतं. मलाही शुक्रवारी वाटलंच होतं की!

महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली. सही केली नाही.

१६ मे, गुरुवार

मजारवर गेले. वहिनीसोबत. झऱ्याच्या वरचं आमचं मजार, गावाची नवसाची जागा. दिवा लावायचं काम बाबांकडे, त्यांच्याआधी आजोबांकडे. बायका जमल्या, कढई चढली, तळणाचा वास सुटला. तो वास गेलेल्यांपर्यंत पोचतो म्हणतात. मला लहानपणापासून तो वास आला की रडू येतं, का ते माहीत नाही.

मग एकेकजणी भिंतीतल्या दगडावर हात ठेवते. उमाय आईचा हात. लेकरं देणारी, राखणारी ती; बाळंतपणात सुईणही म्हणते, हात माझा नाही, उमाय आईचा. दगडावर पंख्यासारखी खूण आहे, ती तिची बोटं. पिढ्यान्पिढ्यांचा नाही, बाबांनीच बसवलाय तो, पण लोणी आणि काजळी बसून बसून दगड पुरातन दिसतो.

गुलझात वहिनीनं हात ठेवला. पाचवा महिना आहे तिचा. किती वर्षं वाट पाहिली! ओशचे डॉक्टर झाले, औषधं झाली. गेल्या हिवाळ्यात तिनं दर गुरुवारी हा हात धरला आणि हिवाळा सरायच्या आधीच दिवस राहिले. जोमार्त दादा आता दगडाला सलाम करूनच कामावर जातो.

"वन्संबाई, तुम्हीही ठेवा हात," वहिनी म्हणाली. "नवरा मिळेल. हाडामांसाचा, दगडाचा नव्हे!"

सगळ्या हसल्या. मी ठेवला. आणि बोटांखाली ती पंख्याची कड लागली. ताणलेली कातडी.

१७ मे

नाही. हा जोडीदार नसणार. मला हवं तेच दिसतंय.

२० मे, सोमवार

बाबांबरोबर मेंढ्यांकडे. यंदा कोकरं कमी. दोन हिवाळ्यांपूर्वी पाऊस पडून वर बर्फाचा पापुद्रा गोठला होता, खुरांना फुटेना, बराच कळप उपाशी मेला. ज्या उरल्या त्या सगळ्या रुंद खुरांच्या, भरड लोकरीच्या. आता कोकरंही तशीच.

मी म्हटलं, हेच आम्ही शिकतो. फक्त याला लाखो वर्षं लावायची.

बाबांनी एका कोकराचं खूर उचलून पाहिलं. मग, "म्हणजे मी मेंढा निवडतो तसा बर्फही निवडतो?"

"बर्फ निवडत नाही, बाबा. बर्फ नुसता पडतो. उरलेले उरतात."

"हे तुला कुणी शिकवलं? फार कडू शिक्षण आहे."

मग विचारलं. तो दगड कुठला? म्हणाले, तरुणपणी भट्टीसाठी चपटा दगड काढत होते, पहार मारली तर नानसारखा उलगडला. एका बाजूची खूण ठळक, ती घरी आणली. दुसरी दिली ढकलून.

"कुठून काढला? वरून की खालून?"

"डोंगरातून काढला! मी काय मोजमाप घेत बसलो होतो? आई नुकतीच गेली होती माझी, बोटं दिसली, वाटलं तिचीच."

यापुढे विचारवलं नाही.

२७ मे, सोमवार

केलं.

सोमवारी मजारवर कुणी नसतं, किल्ली घरीच असते. दगड नुसता मातीत बसवलेला, हलवला की निघतो. कोमट पाणी, मऊ ब्रश. आधी वाटलं कोपरा तेवढा पुसावा. मग थांबता येईना.

लोण्याखालून कंबर आली. बरगड्या. पंख्याच्या रेघा आमच्या दगडातल्या रेघांशी आरशातल्यासारख्या जुळतात, मी कागदावर उतरवून नेल्या होत्या. आणि कडेला, जिथे कुणी कधी हात लावत नाही, तिथे एक हात. खराखुरा. वर एक हाड, खाली दोन, मग मनगटाचे कण, मग बोटं. पाच. करंगळीच्या नखाएवढा पंजा. मी माझा हात शेजारी धरला. तेच, त्याच क्रमानं! मेंढीच्या पायात, वटवाघळाच्या पंखात, माझ्यात. पुस्तकात शंभरदा वाचलंय. पण गुडघे टेकून, मजारच्या मातीत, असं—

गावाला जो हात वाटतो तो हात नाही. आणि हात तिथेच आहे.

मग दगड उलटा केला. पाठीला करडी पट्टी, मिठासारखे ठिपके. ज्वालामुखीची राख. अशी ठिपक्यांची राख काराजारमध्ये एकाच ठिकाणी आहे: दुसऱ्या थराच्या तळाशी. पाचव्यात नाही. उंच झाडांच्या कितीतरी आधी. सरांचं सगळं उलटं.

परत बसवला. वर लोणी फासलं, दिव्याची काजळी चोळली. पूर्वीसारखा दिसत नाही.

२८ मे

वहिनीला आडून विचारलं, तो दगड कधी शहरात न्यावा लागला तर? कणीक मळत होती. हात थांबले.

"बाळ होऊ दे. मग ने हवा तर चंद्रावर. आता नको, सायकाल. आता माझा हात काढू नकोस तिथून."

वन्संबाई म्हणाली नाही. नुसतं सायकाल.

सरांना सांगितलं, थर माहीत नाही असं लिहा. माहीत असून सांगितलं. सर खूप चिडले. "मग ठेव कपाटात शोभेला!" या वहीतलं माझंच वाक्य. त्यांना माहीत नव्हतं.

पाच लिहिलं असतं तर ते खोटं. माहीत नाही म्हटलं, तेही खोटं. फक्त दुसरं कमी वाईट वाटतं. सप्टेंबरपर्यंत थांबायचं. बाळ झालं की सांगेन.

३० मे, गुरुवार

कुणाच्या लक्षात आलं नाही. वहिनी मात्र दगडापाशी बराच वेळ थांबली.

८ जून

पहाटे दादा वहिनीला बातकेनच्या दवाखान्यात घेऊन गेला. गोधडी रक्तानं भिजली होती.

९ जून

बाळ गेलं. मुलगी होती.

१३ जून, गुरुवार

आज आईनं दगड पाहिला. किंचाळली. "हाताला कुणी पाणी लावलं! उमाय आईचा हात धुतला कुणीतरी!"

मी तिथेच उभी होते. कढईखालचं लाकूड पुढे सारलं.

बाबा पुढे झाले. दगडाला बोट लावलं, वास घेतला. म्हणाले, "कुणी नाही धुतला. छपराला गळती आहे. मला माहीत होतं. उद्या करू, उद्या करू म्हणत राहिलो."

गळती दुसऱ्या कोपऱ्यात आहे.

१५ जून

दगड धुतल्यानं बाळ जात नाही. हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक आहे. बातकेनच्या डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं, गर्भाचं हृदयच नीट घडलं नव्हतं. कुणाचा दोष नाही. बर्फ नुसता पडतो.

मीच म्हणाले होते ते. किती सहज! वहिनीची मुलगी 'उरलेले उरतात' मधली नव्हती, हे तिला कसं सांगतात? क्रम खरा असतो. पण त्या क्रमात एकेकटं कुणीतरी असतं, हे पुस्तक वाचताना दिसत नाही.

१८ जून

बाबा जेवत नाहीत. मजारची किल्ली काढून आईपुढे ठेवली. "दिवा दुसऱ्या कुणाकडे द्या. माझ्या हातून सून रिकामी झाली."

आई म्हणाली, "उठा हो, आयरान तरी घ्या घोटभर. मेंढे मरतात तेव्हा असे बसता का?"

"मेंढ्यांना मी वचन दिलं नव्हतं."

धुतला मी, आणि धुतल्यानं काही झालंही नाही. पण ओझं बाबा वाहतायत आणि मी जर्दाळू वाळत घालतेय.

२२ जून

सरांची माणसं पुढच्या शनिवारी तंबू आवरणार. आमचा अर्धा दगड कापसात गुंडाळलाय. चिठ्ठीवर थराची जागा रिकामी.

२३ जून, रविवार

वहिनी आज प्रथम अंगणात आली. जर्दाळू निवडायला माझ्याशेजारी बसली. मी म्हटलं, वहिनी, मला काही सांगायचंय.

"तू धुतलास. माहीत आहे."

माझ्या हातून ताट पडलं.

"त्या गुरुवारीच दिसलं. लोणी असं कुणी फासतं का? भिंत लिंपल्यासारखं." मग हळूच, "कडेला लोणी नव्हतं, तिथे तो एवढासा हात होता. पाच बोटं. आदल्याच आठवड्यात सोनोग्राफीत तिचा पाहिला होता, अगदी तसा. मी दोन्ही मोजले."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर सासूबाईंनी पुन्हा झाकला असता."

२४ जून, सोमवार

वहिनी म्हणते, दगड ने. पण चोरून नको, आणि मामंजींच्या डोक्यावर आळ ठेवून तर नकोच. तो हात कुणीतरी उजेडात पाहायला हवा, मुलीचा तर कुणी पाहिला नाही.

गुरुवारी. २७ जून. कढई चढली की, सगळ्यांसमोर. आधी बाबांना: मी धुतला, छप्पर नाही. मग किल्ली त्यांच्या हातात. मग दगड मागेन, चिठ्ठीवर 'दोन' लिहिता यावं म्हणून. देतील न देतील.

मी बोलेन तेव्हा वहिनीचा हात दगडावर असेल. तिनंच सांगितलं.