शिडाची शिवण

रविवार, दिवेलागण

आज विष्णुपुरीच्या धरणावर हौशी लोकांच्या शिडाच्या होड्यांची शर्यत झाली. ह्यांनी दोन वर्षं खपून बनवलेली होडी सगळ्यात शेवटी आली. शीड माझ्या हातचं, ताडपत्रीचं, अगदी सपाट शिवलेलं. एक सुरकुती दिसू दिली नव्हती मी. केवढी मिरवत होते!

मूळची देगलूरची, हैदराबादला नोकरी करणारी एक पोरगी पांढरी यॉट घेऊन आली होती. काय पळत होती ती! एका अंगावर कलून, पाणी चिरत, आवाज म्हणून नाही. मी तर ह्यांच्याकडे बघायचंच विसरले. खोटं कशाला लिहू?

हे काठावर येऊन म्हणाले, "आज वारंच न्हाई गं." मग त्या पोरीला कुठला वारा होता?

नंतर तिनं शीड गवतावर पसरलं, तर ते सपाट पडेचना. मधे फुगूनच राहिलं. शिवणीवर बोट फिरवलं तेव्हा कळलं, पट्ट्या गोलाईत कापून जोडल्यात. अगं बाई, हे तर कटोरी ब्लाउजासारखं!

"मावशी, माप घेऊन राहिलात का?" पोरगी हसली.

"हाव," म्हटलं, आणि वितीनं घेतलंच.

वीस वर्षं बायकांचे ब्लाउज बेतले मी, आणि वाऱ्यापुढं सपाट कापड धरलं! ती गोलाई अजून बोटाला जाणवतेय.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं, चूक वाऱ्याची नव्हती, माझ्या शिवणीची होती. आत्ता हे समोर बसून, माझी छोटी कात्री घेऊन, शीड उसवून राहिलेत.