मुंग्यांची चहाडी

आसगाव,
दि. ९ डिसेंबर २०२४

रुखमास सोमाजीचा नमस्कार.

नवऱ्याने आशीर्वाद लिहायचा असतो, पण सध्या तेवढा मोठेपणा माझ्याजवळ नाही. पत्र रीता वाचून दाखवेल. बेटा रीता, आईला वाचताना मधलं काही गाळू नकोस.

इकडे सर्व ठीक. धान मळून-चुरून झाला, कोठीत पडला. तांबडी गाय मला पाहून मान फिरवते. शेजारची उषाबाई भाजी आणून देते आणि रोज विचारते, "रुखमाबाई कवा येते जी?" मी म्हणतो, "पवनीची हवा मानवली तिले, लेकीजवळ आहे." हवेवर ढकलून मोकळा होतो.

तुझ्या पायांची सूज उतरली, असं जावईबापू फोनवर म्हणाले. तुला फोन द्या म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

गावच्या मंडईच्या, जत्रेच्या दिवशीचं लिहायला बसलो आणि गायीचंच लिहीत बसलो बघ.

त्या सकाळी मोरीत मुंग्यांची रांग दिसली. माझ्या बापाच्या लघवीला मुंग्या लागायच्या, त्याची साखर गावानं त्यावरूनच ओळखली होती, म्हणून मला वाटलं, यातलं आपल्याला कळतं. जुन्या गोळीवर मुंग्या कधी दिसल्या नव्हत्या. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं साखरेसाठी आणि तुझ्या कमजोर हृदयासाठी नवी गोळी दिली, अन् मुंग्या आल्या. म्हणजे तू चोरून गोड खातेस! पाहुण्यांनी भरलेल्या ओसरीत मी बोललो, "इच्या हाती अनारशाचा डबा देऊ नका जी, मुंग्या चहाडी करून राहिल्या!" सारे हसले. तू एवढंच म्हणालीस, "मी नाही खाल्ला," आणि आत गेलीस.

पाहुणे गेल्यावर मी डबा उघडला. तुझ्या वाट्याचे अनारसे जसेच्या तसे, रीतासाठी फडक्यात बांधून ठेवलेले.

तेव्हाच कळलं होतं, रुखमा. तेव्हाच आत येऊन दोन शब्द बोलायचे होते. पण ओसरीतलं हसू कानातून गेलं नव्हतं. तू खोटी नाहीस तर मग गोळीच खोटी, असं मी ठरवलं आणि गोळ्यांची पाकिटं पेटीत टाकून तुला जुनी गोळी दिली. तू म्हणालीस, "डाक्टरले तं विचारा." मी म्हटलं, "डाक्टरले का मुंग्यांपेक्षा जास्त समजते?"

पुढे तुझे पाय सुजले. आडवं पडलं की दम लागायचा, भिंतीला टेकून बसायचीस. मी थंडीला बोल लावला. रीता येऊन तुला दवाखान्यात घेऊन गेली नसती तर काय झालं असतं, ते लिहवत नाही.

दवाखान्यात डॉक्टर मला म्हणाले, "बाबाजी, ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते. मुंग्या आल्या म्हणजे गोळी काम करून राहिली होती. हृदयालाही तिचाच आधार होता." ती गोळी साधी नाही, हेही त्यांनी सांगितलं. उपास असला, उलट्या झाल्या, जेवण गेलं नाही, तर ती थांबवून त्यांना फोन करायचा. म्हणजे चतुर्थीही आता त्यांना विचारल्याशिवाय धरायची नाही. पाणी पीत राहायचं. आणि या गोळीनं बायकांना लघवीच्या जागी खाज सुटते, ती लाजून अंगावर काढायची नाही, औषध मिळतं.

तुला तो त्रास होता, हे मला डॉक्टरकडून कळलं. इतकी वर्षं एका घरात, आणि तू बोलली नाहीस. कशी बोलशील? मी तेही ओसरीत सांगून लोकांना हसवलं असतं.

आता उषाबाई विचारेल तेव्हा हवेचं नाव घेणार नाही. हसणारे सगळे ओळखीचे आहेत, त्यांच्याही घरी जाऊन माझी चूक सांगतो. पण त्यानं तुझं आत निघून जाणं पुसलं जाणार नाही, हे मला समजतं.

गोळी पुन्हा सुरू झाली, असं रीता म्हणते. इथली मोरी तू गेल्यापासून कोरडी आहे. रोज सकाळी वाकून पाहतो. एक मुंगी नाही.

यायचं की नाही, ते तूच ठरव.

मुंग्यांची वाट पाहणारा,
सोमाजी