वजन आणि कमरेचा घेर

अहो,

नमस्कार. देवाच्या कृपेने आम्ही दोघी ठीक आहोत. गोळ्या वेळेवर घेता ना?

लेकीचा प्रबंध अडलाय आणि आठ दिवसांत द्यायचाय. कुणाला मधुमेह होईल, कुणाला नाही, हे तिच्या संगणकाने सांगायचं. वजन आणि कमरेचा घेर दोन्ही घातले, तर म्हणे वजन वाढलं की धोका कमी!

म्हटलं, "दोन्ही बरोबरच वाढतात. कुणाचा दोष किती, संगणकाला कसं कळणार? एक काढ."

"आकडे तपासले तर तेच निघालंय, आई. पण सरांना दोन्ही हवेत," म्हणाली आणि रडली. वैताग आलाय नुसता.

"झालं का?" असं तुम्ही रोज फोनवर विचारता, मीही इथे विचारते. कुणाच्या विचारण्याने रडते, कळत नाही. एकाने गप्प बसून पाहू. आधी तुम्ही.

तुमचीच,
लेकीची आई