सोमवार, गुरुवार, शनिवारचे वाफे

११ नोव्हें., सोमवार
सलमा आली. गावात परसबागा लावून द्यायचं काम तिच्याकडं आहे. घरामागं चुन्याच्या फक्कीनं मोठा गोल आखला, त्यात सात वाफे. वाराला एक. ज्या वारचा वाफा त्याच वारी कापायचा, म्हणजे ताटात रोज येगळी भाजी. म्हणलं, आम्ही पिठलं-भाकरीवर म्हातारं झालो, मेलो नाय. म्हणली, "नानी, तुमच्यासाठी नाय. कावेरीसाठी."
नातसुनंला चौथा लागलाय. कुदळ काढून दिली.

१४ नोव्हें., गुरुवार
बी टाकलं. मेथी, पालक, मुळा, राजगिरा, चुका, शेपू, गाजर. नातू गणेश वाळूजहून कंपनी सुटून आला. उभा राहून बघितलं, आत गेला. घरात आम्ही तिघंच. मागल्या साली लेकरू पोटातच गेलं, तवापासून कामापुरतं बोलतो. भाकरी वाढ. दार लाव.

२० डिसें., शुक्रवार
नर्सबाई येऊन गेली. कावेरीचं रक्त आणखीन खाली. डोळ्याची पापणी वढून मला दाखवली, आतून पांढरी. "आजी, बाग हिरवी आन् बाई पांढरी, हे कसं काय?"
राग आला. भाजी रोज शिजती. मीच निवडते.

२१ डिसें., शनिवार
बसून बघितलं आज. शेपू केली. गणेशच्या डब्यात गेली, माझ्या ताटात आली. कावेरीपुढं चहा. संध्याकाळी साबुदाणा, वाटीभर.
शनिवार. तिचा उपास.
सो., गु., श. तीन वार धरलेत तिनं, मागल्या वर्षापासून. मला काय नवं नव्हतं. पण सलमानं वार आखले आन् आमचे वार आधीच देवाला दिलेले, हे दोघींच्याबी ध्यानात आलं नाय. तीन वाफ्याची भाजी गणेशच्या आन् माझ्या पोटात. मी अंगानं वाढले दोन बोटं, तिचा गळा तेवढा बारीक झाला.

२३ डिसें., सोमवार
सलमाला सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली. म्हणे, "नानी, आमच्यात पोटुशीला रोजे माफ हाईत. नंतर धरायचे."
म्हणलं, तुमच्यात माफी सांगून ठेवलेली. आमच्यात ती सासूच्या तोंडात असती, आन् सासवांना तोंड उघडायचं ते दुसऱ्याच कामाला.
हसली. मला हसू आलं नाय.

२६ डिसें., गुरुवार
कावेरीला म्हणलं, उपास सोड. खाली मान. मग म्हणली, "मागल्या वेळी धरले नव्हते, आजी."
तेवढंच. भांडे घासाया गेली.
नर्सबाईकडं याला उत्तर असंल, पण तिचं हिला पटणार नाय. पुन्हा काय झालं तर ही सगळा दोष सोडलेल्या उपासावर घालणार आन् जन्मभर घालत ऱ्हाणार. राजगिऱ्याची भाजी मी खाल्ली. चव लागली नाय. वरीसभर लागतच नाय म्हणा.

२८ डिसें., शनिवार
सकाळी न्हाले, देवापुढं पाणी सोडलं. कावेरीला हाक मारली. म्हणलं, तुझे तीन वार आजपासून माझ्याकडं. देवाला काय, ताट रिकामं पाहिजे. कुणाचंबी असो.
"असं चालतं का?"
म्हणलं, घर एकच हाय का नाय? नवसाचा नारळबी कुणीतरी दुसराच फोडतो.
गणेशनं ऐकलं. "आज्जे, तुझी बीपीची गोळी? उपाशी पोटी घेती का?"
"शेंगदाण्यावर घेते. तू डबा घे आन् नीघ."
कावेरीनं ताट घेतलं, पण माझ्याकडं पाठ करून बसली. दोन घास खाल्ले, बाकीचं झाकून ठेवलं.

२ जाने., गुरुवार
कावेरीनं अर्धी भाकरी खाल्ली. राजगिरा बोटांनी बाजूला सारत होती.
दुपारी मला गरगरलं. सांगितलं नाय.

४ जाने., शनिवार
शेपूचा वास सहन होत नाय म्हणली. उपासाचं नाव नाय काढलं. हे बरं झालं. शेपू सलमाला दिली, तिच्याकडून मेथी आणली. एक भाकरी गेली. माझ्याकडं पाठ नव्हती आज.

१३ जाने., सोमवार
उद्या संक्रांत. तीळ भाजले. नर्सबाई पंधरा दिवसांनी परत सुई टोचून बघणार. रक्त वाढलंय का नाय तवा कळंल.
सोमवारची मेथी. कावेरीनं दोन भाकरी खाल्ल्या. मी शेजारी, पाण्याचा तांब्या घेऊन. माझ्याकडं बघून म्हणली, "लई भूक लागली आसंल ना?"
म्हणलं, तू खा.
हात धुतला, भिंतीला टेकली, पोटावर हात ठेवला. मी विचारलं, हलतंय का? मागल्या लेकरापासून हे कुणी विचारलं नव्हतं घरात.
म्हणली, "आत्ता नाय. जेवल्यावर थोड्या वेळानं हलतं."
ताट तसंच ठेवलं. बसलो दोघी.