बारा तागे साटीन आणि आत्याची बोटं

ती. आत्याच्या पायांवर डोकं ठेवून (पाय पत्रात येत नाहीत, म्हणून या ओळीवरच टेकवलंय असं समज) भाच्याचा नमस्कार.

मी इथे ठणठणीत आहे, फक्त लॉजच्या गादीमुळे पाठ वेगळी आणि मी वेगळा अशी वाटणी झाली आहे. तुझा गुडघा, तुझी झोप आणि दुकानातली तुझी खुर्ची जागच्या जागी असतील अशी आशा. आवाजाची चौकशी करत नाही, तो काल फोनमधून शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांनाही ऐकू गेला आणि त्यांनी सकाळी मला 'घरचे बरे आहेत ना' म्हणून विचारलं. पत्र बघून दचकू नकोस. गेल्या सोळा दिवसांत फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू दिलेलं नाहीस. मी 'आत्या, ते साटीन' एवढं म्हणतो, की तू 'सुटलं ना? झगेवाल्यांना कळवते' म्हणून फोन ठेवून मोकळी. तर आत्या, साटीन कस्टममधून सुटलं, पण आज दुपारी सुटलं, आणि ज्या नावाने पाठवलं होतं त्या नावाने सुटलेलं नाही. हे नीट सांगायला कागदच बरा.

पहिल्यापासून सांगतो. गिरणीने नमुना पाठवला, तू तो अंगठा आणि तर्जनीत धरलास, खिडकीबाहेर बघितलंस (कापड पाहताना कापडाकडे बघायचं नाही ही तुझी शिस्त) आणि म्हणालीस, 'शुद्ध रेशीम.' झालं. न्यायाधीशांचे झगे शिवणारे आपले झगेवाले चाळीस वर्षं तुझ्या चिठ्ठीशिवाय अस्तर घेत नाहीत. 'बोटाने पाहिलं, रेशीम आहे' आणि खाली तुझी सही, एवढ्यावर त्यांचं भागतं. त्यामुळे मीही गिरणीला काही विचारलं नाही. त्यांच्या बिलात नुसतंच लिहिलं होतं: विणलेलं साटीन, रंगवलेलं, काळं, बारा तागे. मी कस्टमच्या अर्जात 'साटीन' खोडून 'रेशीम' लिहिलं, तेही ठळक अक्षरात, आणि खाली सही ठोकली. भाव कसा काय एवढा स्वस्त, असं क्षणभर मनात आलं होतं, पण तू म्हणाली होतीस की गिरणीवाल्याला नड असेल, म्हणून मीही त्याला नड आहे असं धरून टाकलं.

इथली कचेरी म्हणजे एक लांबच लांब दालन आहे. खिडक्या उंचावर, बाकं भिंतीला, आणि बाकांवर माझ्यासारखे लोक मांडीवर फायली घेऊन बसलेले. आपला क्लिअरिंग एजंट (बावीस वर्षं याच बाकावर बसतो, जागा पॉलिश केल्यासारखी चकाकते) मला म्हणाला, साटीन कशात बसतं ते तुम्हीच एकदा ड्यूटीच्या दरांच्या पुस्तकात बघून घ्या. पुस्तक उशीएवढं जाड. त्यात जगातली प्रत्येक वस्तू आहे आत्या, घोड्याच्या शेपटीचे केससुद्धा आहेत, पण साटीन नावाचं प्रकरण नाही! रेशमाचं आहे, लोकरीचं आहे, सुताचं आहे, कारखान्यात बनवलेल्या धाग्यांची तर दोन आहेत. मी दोनदा पानं चाळली. मला वाटलं, हे लोक साटीन विसरले. एवढी मोठी चूक सापडल्याचा आनंद मला झाला आणि तो सांगायला मी थेट आपला माल तपासणाऱ्या बाईंच्या टेबलापाशी गेलो.

आता या बाईंबद्दल. वय पन्नाशीच्या आसपास, चष्म्याला दोरी, टेबलावर पितळी भिंग, एक सुई, एक कात्री आणि बाकी धुळीचा कणही नाही. सगळी कचेरी त्यांना भिंगवाल्या बाई म्हणते, त्यांच्या मागे नव्हे, तोंडावर. मी माझा शोध सांगितला. त्या हसल्या नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून पांढऱ्या साटीनचा तुकडा काढला, माझ्या डोळ्यासमोर भिंग धरलं आणि सुईच्या टोकाने धागा दाखवला. उभा धागा चार आडव्या धाग्यांवरून सरळ चालत जातो आणि पाचव्याखाली बुडी मारतो. शेजारचा धागाही तसंच करतो, फक्त वेगळ्या जागी. म्हणून वर सगळे लांब लांब धागेच दिसतात आणि कापड चमकतं. बाई म्हणाल्या, साटीन म्हणजे सूत नव्हे, विणण्याची चाल आहे. ती रेशीमही चालेल आणि कापूसही. ड्यूटी चालणाऱ्या धाग्यावर लागते. आपल्या तीन पिढ्यांचं दुकान साटीनवर उभं आहे आणि मला त्रेचाळीसाव्या वर्षी साटीन दिसलं. मी तिथेच त्यांना मनातल्या मनात गुरू करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी गोदामात गाठ फोडली. मी ताग्यावर हात ठेवला आणि म्हटलं, बघा, रेशीम. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, बिलाकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाल्या की या भावात रेशमाचा किडा कोशातून मानसुद्धा बाहेर काढणार नाही. मग त्यांनी दहा सेंटिमीटरचा चौकोन कापला (असा की एक धागा इकडचा तिकडे नाही), तोलला, भिंगाखाली धागे मोजले. मोजताना त्यांचे ओठ हलत होते आणि आजूबाजूचे हमालसुद्धा हळू बोलत होते. शेवटी एक धागा ओढून काडी लावली. रेशीम जळालं की केस जळाल्याचा वास येतो आणि राख चिमटीत विरते, हे तूच मला शिकवलं आहेस. या धाग्याला तसला वास आला नाही. तो वितळला, आक्रसला, आणि टोकाला एक काळा, टणक मणी राहिला. बाईंनी तो मणी माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाल्या, पॉलिएस्टर, प्रयोगशाळेतून खात्री करून घेऊ, पण तुम्हाला आनंदाची बातमी, याची ड्यूटी रेशमापेक्षा बरीच कमी आहे.

इथे कुठलाही शहाणा माणूस पेढे वाटायला निघाला असता. मी म्हटलं, नाही, हे रेशीम आहे, आणि मी रेशमाचीच ड्यूटी भरणार. एजंटने माझी बाही धरून मला बाजूला नेलं आणि विचारलं, जेवलात का सकाळी? मी लेखी अर्ज केला. 'माझ्या आत्याने हे कापड बोटाने पाहिलेलं असून तिच्या बोटांची चूक गेल्या चाळीस वर्षांत झालेली नाही, तरी कृपया जास्तीची ड्यूटी घ्यावी' असा. त्या अर्जाची प्रत म्हणे आता दालनात हातोहात फिरते. पुढचे चार दिवस कुठल्या ना कुठल्या टेबलावरचे कारकून काहीतरी निमित्त काढून माझ्या बाकापुढून जात आणि मला बघून घेत.

बाईंना मात्र संशय आला, आणि तो यायलाच हवा होता. स्वतःहून जास्त पैसे भरायला निघालेला माणूस काहीतरी लपवत असणार! त्यांनी बाराच्या बारा तागे उलगडले. पुठ्ठ्याच्या नळ्या वाजवून पाहिल्या, आतून विजेरी मारली, किनारी चाचपल्या. दोन दिवस गोदामभर काळं साटीन पसरलं होतं आणि त्यात बाई अनवाणी फिरत होत्या (कापडाला डाग लागू नये म्हणून चपला दाराशी काढलेल्या, सरकारी माणसाने, आपल्या कापडासाठी!). काही सापडलं नाही. मग त्यांनी स्वतः उभं राहून सगळे तागे गुंडाळून घेतले, आणि तुला सांगतो, गिरणीपेक्षा घट्ट गुंडाळले. मी चहा मागवला तर त्यांनी स्वतःच्या कपाचे पैसे टेबलावर ठेवले. इतकं नीट काम करणारं माणूस मी आपल्या धंद्यात तुझ्याशिवाय दुसरं पाहिलेलं नाही.

प्रयोगशाळेचा कागद तेराव्या दिवशी आला. शंभर टक्के पॉलिएस्टर. मी तरीही पुन्हा अर्ज केला. तेव्हा बाईंनी मला समोर बसवलं, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाल्या, "सरकारने जेवढी मागितली नाही तेवढी ड्यूटी मी घेणार नाही. आणि जे रेशीम नाही त्याला मी रेशीम लिहिणार नाही, तुमच्या आत्यांनी सांगितलं तरी." मला राग यायला हवा होता. आला नाही. मला वाटलं, आत्या या टेबलामागे बसली असती तर हेच बोलली असती, फक्त आवाज मोठा असता. उरलेला नमुन्याचा तुकडा त्यांनी पाकिटात घालून, वर वजन आणि तारीख लिहून परत केला. आज हुकूम निघाला, कमी ड्यूटी भरली, माल ट्रकमध्ये चढला.

तेव्हा तू मनाला लावून घेऊ नकोस. बाईच म्हणाल्या की ही वीण इतकी लबाड आहे की कुणाचीही बोटं फसावीत. तुझी काही चूक नाही, चूक असलीच तर गिरणीवाल्याच्या नमुन्याची. झगेवाल्यांना चिठ्ठी मात्र पाठवू नकोस, लिहून ठेवली असशील तर फाडून टाक. मी शुक्रवारी घरी पोचतो. भाचेसुनेला सांग की माझे चार शर्ट लॉजच्या धोब्याने हरवले आणि पाच परत दिले. घरी सगळ्यांना माझी आठवण, तुला पुन्हा एकदा नमस्कार.

तुझा,
भाचा

ता. क. झगेवाल्यांना मीच फोन केला आणि खरं ते सांगितलं. ते म्हणाले, अस्तर आतच असतं, धुवायला सोपं जाईल, पॉलिएस्टरच्या भावात द्या. ही काळजी मिटली. जास्त वेळ ते तुझ्याबद्दलच विचारत होते.

ता. क. दुसरा. हा भाग तू एकटीने वाच. बाई असं काही म्हणाल्या नव्हत्या की कुणाचीही बोटं फसावीत. ते मी घातलं. मी शेवटी त्यांना विनवलं की एकदा डोळे मिटून हात लावून बघा. त्यांनी डोळे मिटले, बोट टेकवलं आणि लगेच उचललं. मग त्यांनी मला विचारलं, आत्यांचं वय काय? कपातला चहा सांडतो का? चटका लागला तर त्यांना लगेच कळतं का? त्यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं म्हणे, आधी बोटांची टोकं, आणि वेळेवर दाखवल्यामुळे पुष्कळ सावरलं. मी म्हटलं, छे, आमच्या आत्याला सगळं कळतं. खोटं बोललो. गेल्या महिन्यात इस्त्रीवर तुझं बोट भाजलं ते तुला फोड आल्यावर समजलं. तू पट्टी लपवलीस, पण भाचेसुनेने पाहिली होती.

ता. क. तिसरा आणि खरा. शनिवारी सकाळी साडेअकराला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दुकान बंद राहील, मी बरोबर येईन, आणि यावर तुझं काहीही ऐकणार नाही. आता राहिलेलं सांगून टाकतो. गोदामात गाठ फोडली तेव्हा मी ताग्यावर हात ठेवला ना, तेव्हाच मला कळलं होतं. रेशीम मुठीत धरलं की घटकाभरात हाताइतकं उबदार होतं. हे कापड झालं नाही. मी बराच वेळ धरून उभा होतो. हे ओळखायला तूच शिकवलंस, मी दहा वर्षांचा असताना, दुकानाच्या फळीवर बसवून, माझी बोटं तुझ्या बोटांत धरून. तरी मी सोळा दिवस भांडलो. सरकारी कागदावर ते एकदा रेशीम ठरलं असतं, तर तुझी बोटं चुकली नसती आणि मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. रेशमाची ड्यूटी काय आत्या, मी दुप्पट भरली असती.