तिघांचा फोटो

४ नोव्हेंबर, मंगळवार

साठ हजारांच्या वर फोटो निघाले. त्यातले निम्मे रणजितच्या बुटांचे. फोन खिशात घालताना बटण दाबलं जातं, हे माझ्या नवऱ्याला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. उरलेल्यांत गॅसच्या पावत्या, विजेच्या मीटरचे आकडे, बुजवलेले खड्डे, न बुजवलेले खड्डे आणि सूर्यास्त. नुसते सूर्यास्त! या घरात सूर्योदयाला कोणी कधी उठलं नाही, याला आणखी पुरावा नको.

हा सगळा उपद्व्याप ऋतुजासाठी. तीस तारखेला तिचं ऋषीशी लग्न. संध्याकाळी रिसेप्शनला मोठ्या पडद्यावर तिचं आयुष्य दाखवायचं, पंधरा मिनिटांत. मी म्हटलं, आयटीतली मुलगी, पंधरा मिनिटं भरायला काय दाखवणार? "आई, हा तुझा कॉलम नाहीये," म्हणाली.

फोटो लावायला तिनेच एक सॉफ्टवेअर घालून दिलं. ते चेहरे ओळखतं, तारखा लावतं, प्रत्येक फोटोला नाव चिकटवतं. "तुला फक्त क्लिक करायचंय." वॉशिंग मशीन आणलं तेव्हा रणजित हेच म्हणाला होता — तुला फक्त बटण दाबायचंय. तेव्हापासून ते बटण मीच दाबतेय.

५ नोव्हेंबर, बुधवार

सॉफ्टवेअर अडाणी आहे. उकडीच्या मोदकांना त्याने "लसूण" असं नाव दिलं. पुरणपोळीला "पिझ्झा". सासूबाईंचं नऊवारी "पडदा" या सदरात गेलं. तुळजाबाई जाऊन नऊ वर्षं झाली. असत्या तर त्यांनी त्या संगणकालाच पदराखाली घेऊन जेवायला वाढलं असतं, आणि मग शिव्या घातल्या असत्या.

मध्येच विचारतं — ही एकच व्यक्ती आहे का? डावीकडे सासरे हिंदुराव, उजवीकडे रणजित. मी "नाही" म्हटलं. पुन्हा विचारलं. पुन्हा "नाही". तिसऱ्यांदा "हो" म्हणून टाकलं. वाद घालून उपयोग नसतो, हे मला त्या दोघांनीच शिकवलंय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज त्याने चेहऱ्यांची यादी लावली. सगळ्यांत जास्त फोटोत कोण, त्या क्रमाने. पहिली ऋतुजा. दुसरा रणजित. चौथी मी.

तिसरे अनंतराव.

रणजितचे शाळेपासूनचे मित्र. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सचं छोटं दुकान. लग्न केलं नाही. दर रविवारी इकडे मांजरी गावात आमच्याकडे. येताना पेरू, जाताना आमचा एखादा बिघडलेला रिमोट. चहा बशीत. बोलण्याचा विषय व्होल्टेज. आणि कुठेही कॅमेरा निघाला की हा माणूस कडेला हजर — हातात पिशवी, डोळे मिटलेले. महाबळेश्वर, गणपतीपुळे, ऋतुजाचा बारावीचा निकाल, या फ्लॅटची वास्तुशांत. घरच्या सहलीला यांना बोलावतं कोण, असं मी ऋतुजा झाल्यापासून विचारतेय. रणजितचं उत्तर ठरलेलं. "असू दे गं." या तीन शब्दांवर आमचा संसार उभा आहे.

काही लोकांना फोटोत यायची हौसच असते. मागे लग्नघरांत असे एकदोन दिसायचे. आमच्या नशिबी कायमचा आला.

९ नोव्हेंबर, रविवार

अनंतराव आले. पेरू ठेवले. संगणकाकडे बघून म्हणाले, "वहिनी, लाईट गेली तर यातले फोटो जातात का हो?" म्हटलं, दुर्दैवाने नाही.

ते हॉलमध्ये चहा पीत असताना स्वयंपाकघरात ऋतुजाची कुजबूज. "ऋषीच्या आईंनी परवा आपले फोटो बघितले. विचारत होत्या, हे गृहस्थ कोण? म्हटलं, काका. तर म्हणे, सख्खे का? ऑकवर्ड झालं गं. प्रत्येक फोटोत आहेत ते. मला स्क्रीनवर फक्त आपण तिघं हवेत."

मी आनंदाने होकार दिला. इतक्या वर्षांत ही मुलगी पहिल्यांदा माझ्यासारखं बोलली.

१० नोव्हेंबर, सोमवार

सॉफ्टवेअरला सांगितलं — आम्ही तिघं आहोत आणि चौथं कोणी नाही, असे फोटो काढ.

म्हणालं, असा फोटो नाही.

साठ हजारांत एकही नाही! मी स्वतः बघत बसले. खरंच नाही. जिथे अनंतराव नाहीत तिथे वेटर आहे. गणपतीपुळ्याला शहाळीवाला आहे. पाचगणीला घोडा आहे.

तेव्हा लक्षात आलं. सासूबाईंचा नियम. "तिघांचा फोटू काढू नगा. मधला जातो." मी नवी सून असताना त्यावर सदर लिहिलं होतं — मधला जातो हे खरंच आहे, त्याला दोन्हीकडून ऐकावं लागतं. पुणं हसलं होतं. मला वाटलं होतं, तो नियम सासूबाईंबरोबर गेला.

रणजितला विचारलं. इंजिनीअर माणूस, पूल बांधलेत.

"योगायोग असेल."

"घोडासुद्धा?"

"घोडा तिथे होताच."

१२ नोव्हेंबर, बुधवार

या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे. नको असलेल्या माणसावरून बोट फिरवायचं. माणूस जातो, मागचं दृश्य आपोआप भरून येतं. ही सोय लग्नाच्या हॉलमध्येही हवी होती.

दिवसभर अनंतरावांना पुसलं. महाबळेश्वरला त्यांच्या जागी झुडूप आलं. झुडूप जास्त बोलकं आहे. वास्तुशांतीत पडदा आला. ऋतुजा पहिल्यांदा सायकल चालवते तो फोटो — अनंतराव गेले पण त्यांचा हात राहिला, सीट धरलेला. तोही पुसला. आता सायकल आपली आपण उभी आहे.

रणजित मागे येऊन उभा राहिला. "अन्याला लागेल हे."

"दिसलं तर ना. त्यांचे डोळे मिटलेले असतात."

"रिसेप्शनला तो पहिल्या रांगेत बसेल, शेफाली. सगळ्या पाहुण्यांसमोर. आपण त्याला काढून टाकलंय, हे तिथे कळणार त्याला."

म्हटलं, मग दुसऱ्या रांगेत बसव.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रणजित बोलत नाही. घरात छान शांतता आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

रणजितने ते फोटो टीव्हीला जोडून तालीम लावली आणि बंद करायला विसरला. विसरला असं तो म्हणतो. मी चहा घेऊन बाहेर आले तर अनंतराव टीव्हीसमोर उभे, पेरूंची पिशवी अजून हातातच. महाबळेश्वर गेलं. वास्तुशांत गेली. बारावीचा निकाल गेला. सगळीकडे आम्ही तिघं, आणि कडेला झुडूप, पडदा, भिंत.

मी वाक्य तयार ठेवलं होतं. "वेळेचं बंधन आहे हो, म्हणून जरा काटछाट." माझा संपादक मला हेच ऐकवतो. कसं लागतं ते मला ठाऊक आहे.

"वहिनी, हे तिघांचं कोणी केलं?"

"सॉफ्टवेअरने." एवढाच माझा शूरपणा.

"ह्यात रणजित मधे आहे. आधीच्यात ऋतुजा होती." आवाज पार उतरलेला. "लग्न तोंडावर आलंय हो. मला घाला परत."

मला वाटलं, अपमान झालाय. "अहो, तुमचा काही प्रश्न नाही, पण ऋतुजाचं म्हणणं —"

"चेहरा नका दाखवू. नुसता हात दिसला तरी चालतं. मी काकूंना विचारून घेतलं होतं."

हा माणूस माझ्या सासूला असल्या शंका विचारत होता, आणि ती त्यांचं निरसन करत होती!

मग अनंतराव बसले आणि त्यांनी सांगितलं. ऋतुजा बाराव्या दिवसाची असताना सासूबाईंनी त्यांना मागच्या अंगणात बोलावलं. "अनंता, ह्यांचं आता तीन झालं. ही शिकलेली हाय, माझं ऐकायची न्हाय. तू हुबा राहत जा." ते हो म्हणाले. संपलं.

"म्हणजे तुम्हाला फोटोची हौस —"

"मला? कॅमेरा दिसला की पळून जावंसं वाटतं वहिनी. डोळे मिटतात ते उगाच का?"

रणजित खिडकीतून बांधकाम बघत होता. त्याला पहिल्यापासून माहीत होतं. विचारलं असतं तर म्हणाला असता, असू दे गं.

अनंतरावांनी चहा कपातून घेतला. बशी मागायचं विसरले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

संताप होतोय. कोणाचा, ते ठरत नाही.

सासूबाई माझ्या पाठीमागे माझ्या घरावर पहारा बसवून गेल्या. मी त्या पहारेकऱ्याला आगंतुक समजत होते. माझं ते "मधला जातो"वालं सदर त्याने कापून दुकानात काउंटरमागे चिकटवलंय, वर्षानुवर्षं. मला वाटायचं, कळलं नसावं. कळलं होतं. आणि ते चिकटवून हा गृहस्थ पुढच्या रविवारी येऊन पुन्हा आमच्या शेजारी डोळे मिटून उभा राहिला.

मूर्ख. कोण, ते लिहायची गरज नाही. ही वही दुसरं कोणी वाचत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ऋतुजाला सांगितलं. "आई, सीरियसली?" म्हणून हसली. मग सायकलचा फोटो उघडून बसली.

"हात पण पुसलास?"

तूच म्हणालीस, तिघंच हवेत.

"हात पुसायला नाही सांगितलं." आणि रडायला लागली. लग्नाच्या आधी मुली रडतात म्हणे. मी हे कारण तिला देऊन खोलीबाहेर आले.

संध्याकाळी तिने दुकानात फोन केला. काका, मी तुम्हाला सगळ्या फोटोंत परत घालतेय. फोन स्पीकरवर होता. "नको बाळा. पाहुण्यांना प्रश्न पडतो, हा कोण म्हणून. हातच ठेव."

म्हणजे त्या रविवारी स्वयंपाकघरातली कुजबूज हॉलमध्ये ऐकू गेली होती. या नव्या फ्लॅटच्या भिंती! पुठ्ठ्याच्या आहेत. बिल्डरला शिव्या घालायला बरं पडतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर हात परत आणत होते. पुसायला एक बोट पुरलं. आणायला मान धरली.

१ डिसेंबर, सोमवार

झालं लग्न. पोरीचं चांगलं झालं. बाकी सगळं हास्यास्पद. डीजे, धूर, उसाच्या रसाचा कारंजा — मांजरीच्या लोकांना ऊस दाखवायला पैसे घेतले त्या इव्हेंटवालीने.

पडद्यावर पंधरा मिनिटं ऋतुजाचं आयुष्य, आणि प्रत्येक फोटोच्या कडेला एक हात. पिशवी धरलेला, सीट धरलेला, कुठे नुसताच. ऋषीच्या आईंनी वाकून विचारलं, "हा हात कोणाचा?"

"काकांचा," ऋतुजा म्हणाली.

"सख्खे?"

"हो."

अनंतराव पहिल्या रांगेत होते. रणजितने बसवलं होतं. फोटो सरकत होते आणि ते प्रत्येकात माणसं मोजत होते. ओठ हलताना मला दिसत होते.

मग स्टेजवर फोटो. "ओन्ली फॅमिली, बाकीच्यांनी खाली या," फोटोग्राफर ओरडला. मी, रणजित, ऋतुजा. अनंतराव सवयीने चढले, कडेला उभे राहिले, डोळे मिटले. मी काही बोलणार नव्हते. काल मी त्यांना तिथून हलू दिलं नसतं. पण ऋषी आला आणि ऋतुजाशेजारी उभा राहिला. अनंतरावांनी एक डोळा उघडून बघितलं. मग दुसरा.

"चार झाले की वहिनी."

"असू द्या," मी म्हटलं. रणजितने माझ्याकडे वळून बघितलं.

"नाही नाही. घरचा चौथा आला. सुटलो मी." पायऱ्या उतरून जेवणाच्या रांगेत गेले. हसत होते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून. तिथे तीन कॅमेरे होते. एकानेही तो फोटो काढला नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

ऋतुजा वाघोलीला गेली. जवळच आहे, असं सगळे सांगतात. तो रस्ता बघितलेला माणूस असं म्हणत नाही. जर्मनीहून लोक लवकर येतात.

सॉफ्टवेअरने आपणहून सुचवलं — नवा कुटुंब अल्बम करायचा का? आणि आम्ही तिघं नि ऋषी, असे चार चेहरे लावून दाखवले. मी बंद केलं.

७ डिसेंबर, रविवार

अनंतराव आले नाहीत. रणजित म्हणाला, दुकानात काम असेल. रविवारी बुधवार पेठेतली अर्धी दुकानं बंद असतात.

१० डिसेंबर, बुधवार

सदर लिहायला बसले. विषय — लग्नातले आगंतुक. दोन परिच्छेद छान जमले. पुसले.

१४ डिसेंबर, रविवार

आजही नाहीत. दुपारी मीच फोन लावला. म्हटलं, या, फोटो काढायचाय.

"आता कशाला वहिनी? तुम्ही दोघंच राहिलात. दोघांना कोणी लागत नाही."

म्हटलं, तुम्ही आलात की तीन होतात.

पलीकडून अगदी हळू — "तिघांचा?"

तिघांचा. मधे मी बसते.